अनुमापनाची रीडिंगं जुळत नाहीत? चूक कोणत्या बाजूला झुकते ते आधी पाहा

तीनदा अनुमापन (टायट्रेशन) केलं, म्हणजे ब्युरेटमधून (तोटी आणि खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) आम्लारी मोजून सोडत चंबूतलं आम्ल नेमकं उदासीन केलं, आणि रीडिंगं आली २५.६, २५.३, २५.२ मिली. किंवा तिन्ही वेळा २५.४ आलं, पण यायला हवं होतं २५.०. किंवा दर्शकाचा (उदासीन होताना रंग बदलणाऱ्या द्रव्याचा) गुलाबी रंग आला आणि दहा सेकंदांत निघून गेला. या तिन्हींना आपण "रीडिंग चुकतंय" असं एकच नाव देतो आणि एकच उपाय करतो: पुन्हा करून बघ. पुन्हा केल्याने यातली फार तर पहिली तक्रार सुटते. उरलेल्या दोन दहा वेळा केल्या तरी तशाच राहतात, कारण दोष हातात नसून बाटलीत असतो.

म्हणून ब्युरेट पुन्हा भरण्याआधी आकडे कागदावर ओळीने लिहा आणि त्यांची चाल बघा. आकडे वर-खाली विखुरलेले असतील तर दोष बहुधा कृतीत असतो: तोटी, बुडबुडा, अंतिम बिंदू (दर्शकाचा रंग बदलतो तो क्षण) ओळखणं. आकडे एकाच दिशेने सरकत असतील तर द्रावण बदलतंय, नाहीतर ब्युरेटमधलं उरलेलं पाणी अजून धुऊन निघतंय. आणि आकडे आपसात छान जुळतात पण उत्तराशी जुळत नाहीत, तर वजन, सूत्र, प्रमाणीकरण (द्रावणाची खरी संहती, म्हणजे तीव्रता, काढणं) किंवा दर्शक यांपैकी काहीतरी चुकलंय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. जुळलेली रीडिंगं बघून माणूस निश्चिंत होतो.

किती फरक म्हणजे फरक?

ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. ५० मिलीच्या अ वर्गाच्या ब्युरेटला मुळातच ±०.०५ मिलीची सूट असते, २५ मिलीच्या अ वर्गाच्या पिपेटला ±०.०३ मिलीची. त्यामुळे दोन रीडिंगांत ०.१ मिलीपर्यंतचा फरक सोडून द्यावा. २५.०० आणि २५.०५ यांच्यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) तीव्र आम्ल आणि ०.१ मोलर तीव्र आम्लारी असेल तर निसर्गही आपल्या बाजूने असतो. २५ मिली हायड्रोक्लोरिक आम्लात २४.९५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की सामू (pH) ४ च्या आसपास असतो आणि २५.०५ मिली पडलं की १० च्या आसपास. म्हणजे दोन थेंबांत सामू सहा अंकांनी उडी मारतो. इथे मिथिल ऑरेंज वापरा की फिनॉल्फ्थॅलिन, फरक एखाद्या थेंबाचाच पडतो. द्रावणं दहापट पातळ, म्हणजे ०.०१ मोलर केली, तर तेवढ्याच दोन थेंबांत उडी ५ ते ९ एवढीच उरते. ०.००१ मोलरला ती ६ ते ८ वर येते आणि रंग "आला की नाही" यावरून वाद सुरू होतात. रसायन वाचवायला द्रावण पातळ करणाऱ्यांनी हा सौदा लक्षात ठेवावा.

गुलाबी रंग येतो आणि जातो

ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार. आधी एवढं स्पष्ट असू द्या की थोडा रंग जाणं हा दोष नाही. फिनॉल्फ्थॅलिन ८.२ च्या खाली रंगहीन असतं आणि १० पर्यंत पूर्ण गुलाबी होतं. अंतिम बिंदूला चंबूत हायड्रॉक्साइड नावापुरतंच जादा असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्या जादा हायड्रॉक्साइडला बायकार्बोनेटमध्ये बदलतो, सामू ८.२ च्या खाली येतो आणि रंग जातो. चंबू जितका जोरात घुसळाल तितकं हे लवकर होतं. नियम असा: फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की अंतिम बिंदू आला. त्यानंतर दोन मिनिटांनी रंग गेला तर जाऊ द्या, आणखी थेंब टाकू नका. रंग "पक्का" करायच्या नादात टाकलेले दोन-तीन थेंब म्हणजे थेट ०.१ ते ०.१५ मिलीची चूक.

रंग पाच-दहा सेकंदांत जातो, पुन्हा थेंब टाकला की पुन्हा येतो, पुन्हा जातो, असं चार-पाच वेळा होत असेल तर मात्र कार्बन डायऑक्साइड आधीपासूनच चंबूत आहे. तो दोन वाटांनी येतो: ऊर्ध्वपातित पाण्यातून आणि खुद्द सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडची हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया क्षणात होत नाही, तिला काही सेकंद लागतात. म्हणून रंग आधी दिसतो आणि मग हळूहळू ओसरतो.

पाण्याचा बंदोबस्त सोपा. ऊर्ध्वपातित पाणी १०–१५ मिनिटं खळखळ उकळा आणि झाकून थंड करा. उघडं थंड केलं तर सगळी मेहनत वाया. (ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू ५.६ च्या आसपास दिसला म्हणून पाणी खराब समजून फेकून देणारे बरेच असतात. हवेशी संपर्क आलेल्या शुद्ध पाण्याचा सामू तेवढाच असतो.) पाण्याचा वाटा किती, हे कोऱ्या चाचणीने कळतं: आम्ल न घालता तेवढंच पाणी, तेवढेच दर्शकाचे थेंब, आणि गुलाबी होईपर्यंत लागलेलं द्रावण मोजा. एक-दोन थेंबांत काम झालं तर ते आकड्यातून वजा करा. जास्त लागलं तर पाणी बदला.

सोडियम हायड्रॉक्साइड: खरा गुन्हेगार

रेणुवस्तुमान ४०, म्हणजे ४ ग्रॅम एक लिटरला ०.१ मोलर. पुस्तकात हे बरोबर, तराजूवर चूक. गोळ्या उघड्यावर ठेवल्या की हवेतला ओलावा शोषून ओल्या होतात आणि वरून कार्बोनेटचा पांढरा थर चढतो. वजन करेपर्यंतच त्यातले काही मिलिग्रॅम पाणी आणि कार्बोनेट झालेले असतात. त्यामुळे ४.००० ग्रॅम मोजून "०.१००० मोलर" अशी चिठ्ठी लावणं ही चूक नव्हे, थाप आहे. ४.१–४.२ ग्रॅम घ्या, अंदाजे द्रावण करा आणि प्रमाणीकरण करून खरी संहती काढा.

कार्बोनेटमुळे नेमकं काय बिघडतं? कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू हायड्रॉक्साइडचे दोन आयन खातो आणि एक कार्बोनेट देतो. फिनॉल्फ्थॅलिनच्या अंतिम बिंदूला कार्बोनेट फक्त बायकार्बोनेटपर्यंत जातं, म्हणजे एकच हायड्रोजन आयन घेतं. दोन गमावले, एक परत मिळाला. मिथिल ऑरेंजचा पट्टा मात्र ३.१ ते ४.४ इतका खाली आहे. तिथे कार्बोनेट पूर्ण कार्बोनिक आम्लापर्यंत जातं आणि दोन्ही परत मिळतात. म्हणून तेच द्रावण एका दर्शकाने अशक्त ठरतं आणि दुसऱ्याने ठणठणीत.

याचाच उपयोग तपासणीसाठी करता येतो. २५ मिली ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दोन चंबूंत घ्या. एकात मिथिल ऑरेंज, दुसऱ्यात फिनॉल्फ्थॅलिन. ब्युरेटमध्ये संशयित द्रावण. द्रावण स्वच्छ असेल तर दोन रीडिंगांत थेंबाचाच फरक येईल. फिनॉल्फ्थॅलिनचं रीडिंग ०.२–०.३ मिलीने जास्त आलं तर कार्बोनेट आहे, वाद नको. आणखी झटपट हवं असेल तर परीक्षानळीत ५ मिली द्रावणात १० टक्के बेरियम क्लोराइडचे काही थेंब टाका. पांढरी गढूळता आली तर ते बेरियम कार्बोनेट. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात. हातमोजे घाला आणि ते सिंकमध्ये ओतू नका.

कार्बोनेटमुक्त द्रावण करायची जुनी युक्ती अजूनही सर्वांत भरवशाची आहे. वजनाने ५० टक्के, म्हणजे गोळ्या आणि पाणी समसमान घेऊन, घट्ट द्रावण करा. इतक्या घट्ट द्रावणात सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही. काही दिवसांत ते तळाशी बसतं आणि वर नितळ द्रावण राहतं. हे सुमारे १९ मोलर असतं. वरच्या नितळ भागातलं ५.३ मिली घेऊन उकळून गार केलेल्या पाण्यात एक लिटर केलं की साधारण ०.१ मोलर द्रावण मिळतं. हे विरघळवताना भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं. गोळ्या थोड्याथोड्या घाला, भांडं थंड पाण्यात ठेवा, चष्मा लावलेला असू द्या. हे द्रावण डोळ्यात गेलं तर आम्लापेक्षा जास्त इजा करतं.

साठवण पॉलिथिनच्या बाटलीत, घट्ट झाकणाने. काचेच्या बाटलीला काचेचं बूच लावलं तर ते बसतं ते बसतंच, कारण आम्लारी काचेतल्या सिलिकाला खातं आणि सिलिकेट-कार्बोनेटची लांबी (पुट्टी) तयार होते. ब्युरेटची काचेची तोटी अडकते तीही याच कारणाने. आम्लारीसाठी टेफ्लॉनची तोटी असलेली ब्युरेट वापरा. बाटली वारंवार उघडावी लागत असेल तर हवा आत येण्याच्या वाटेवर कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम भरलेली नळी लावा. एवढं करूनही दर आठवड्याला प्रमाणीकरण पुन्हा करावं. चार आठवड्यांपूर्वीच्या चिठ्ठीवरची संहती वापरून आलेलं उत्तर कुणी गंभीरपणे घेऊ नये.

प्रमाणीकरणातच घोळ

रीडिंगं जुळतात आणि उत्तर चुकतं तेव्हा ही जागा आधी धुंडाळा.

ऑक्झॅलिक आम्ल वापरत असाल तर दोन सापळे. पहिला स्फटिकजलाचा. बाटलीत सहसा दोन रेणू पाणी असलेले स्फटिक असतात, त्यांचं रेणुवस्तुमान १२६.०७. निर्जल आम्लाचं ९०.०३. निर्जलाच्या हिशोबाने स्फटिक मोजले तर आम्ल २८ टक्क्यांहून जास्त कमी पडतं. स्फटिक ओव्हनमध्ये सुकवायचेही नाहीत, पाणी निघून जातं आणि मग तुमच्याकडे नक्की काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. जुने, पांढरट भुकटी झालेले स्फटिकही त्याच कारणाने बाद. दुसरा सापळा दोनचा. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू लागतात. ६.३०३ ग्रॅम एक लिटरला म्हणजे ०.०५ मोलर, पण ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे लिटरमागे किती मोल हायड्रोजन आयन देता येतात ते). उत्तर नेमकं दुप्पट किंवा नेमकं निम्मं आलं की प्रयोग पुन्हा करू नका. मोलर आणि नॉर्मल यांची अदलाबदल शोधा.

शक्य असेल तर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरा. हवेतलं पाणी ते फारसं घेत नाही, ११०–१२० अंशांवर दोन तास सुकवता येतं, एकास एक अभिक्रिया होते आणि रेणुवस्तुमान २०४.२२ असं भरभक्कम असल्याने वजनातली चूक मागे पडते. ०.५१०६ ग्रॅमला ०.१००० मोलर द्रावण बरोबर २५.०० मिली लागतं. वजन नेमकं तेवढंच येण्याची गरज नाही, जे येईल ते लिहायचं. समजा ०.५२३० ग्रॅम घेतलं आणि २६.०५ मिली लागलं:

०.५२३० ÷ २०४.२२ = ०.००२५६१ मोल
०.००२५६१ ÷ ०.०२६०५ लिटर = ०.०९८३ मोलर

अशी तीन वजनं करा आणि तिन्हींची संहती काढून ताडून बघा, नुसती मिलीची रीडिंगं ताडू नका. वजनं वेगळी असल्याने रीडिंगं वेगळीच येणार. ती "जुळत नाहीत" म्हणून हळहळणारे दिसतात, म्हणून सांगितलं.

हायड्रोक्लोरिक आम्लाचं प्रमाणीकरण निर्जल सोडियम कार्बोनेटने होतं. ते २५०–२७० अंशांवर तासभर तापवून शोषकपात्रात (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायचं, रेणुवस्तुमान १०५.९९, एका कार्बोनेटला दोन आम्ल. इथे मिथिल ऑरेंज थोडं आधीच नारिंगी व्हायला लागतं, कारण सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने संपृक्त झालेल्या पाण्याचा सामू ४ च्या जवळ असतो. रंग वळायला लागला की थांबा, चंबू एक-दोन मिनिटं उकळा, थंड करा. रंग परत पिवळा होईल. मग थेंब-थेंब आम्ल टाकून खरा अंतिम बिंदू गाठा. उकळण्याचा कंटाळा केला की आम्लाची संहती खऱ्यापेक्षा जास्त निघते.

दर्शकाची निवड

तीव्र-तीव्र जोडीत चूक खपते, सौम्य आम्लात खपत नाही. २५ मिली ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केलं तर समतुल्य बिंदूला (आम्ल नेमकं संपतं तिथे) सामू ७ नसतो, ८.७ असतो, कारण उरलेला ॲसिटेट आयन स्वतः आम्लारीसारखा वागतो. फिनॉल्फ्थॅलिन इथे चपखल बसतं. मिथिल ऑरेंज टाकलं तर तमाशा होतो: रंग सुरुवातीपासूनच लालवरून सरकायला लागतो आणि ७–८ मिलीला पूर्ण पिवळा होऊन बसतो, म्हणजे तिसरा हिस्सा आम्लही संपलेलं नसताना. "रंग एकदम बदलत नाही, हळूहळू बदलतो" अशी तक्रार असेल तर दहापैकी नऊ वेळा दर्शक चुकीचा आहे. उलट अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लात समतुल्य बिंदू ५.३ च्या आसपास पडतो. तिथे ४.४ ते ६.२ पट्ट्याचा मिथिल रेड घ्या. सौम्य आम्ल विरुद्ध सौम्य आम्लारी, ॲसिटिक विरुद्ध अमोनिया, हे दर्शकाने करूच नये. तिथे उडीच नसते.

थेंब दोन किंवा तीन, आणि प्रत्येक वेळी तितकेच. दर्शक स्वतः सौम्य आम्ल किंवा आम्लारी असतो, दहा थेंब टाकले तर तोही द्रावण खातो. शिवाय फिनॉल्फ्थॅलिन पाण्यात जेमतेम विरघळतं, जास्त पडलं की चंबूत दुधी झाक येते.

एक विचित्र प्रकार क्वचित दिसतो. चंबूत घट्ट आम्लारी आहे, फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर भडक गुलाबी झालं आणि थोड्या वेळात आपोआप रंगहीन झालं. द्रावण उदासीन झालेलं नसतं. फार तीव्र आम्लारीत या दर्शकाचा रेणूच रंगहीन रूपात जातो. द्रावण पातळ करा, मग दर्शक टाका.

काचेची भांडी

सुरुवातीचं २५.६, २५.३, २५.२ आठवतं? ब्युरेट पाण्याने धुतली आणि तशीच भरली की भिंतीवरचं आणि टोकातलं पाणी द्रावण पातळ करतं. दरवेळी नव्याने भरताना ते थोडं थोडं निघून जातं आणि रीडिंग उतरत जातं. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायच्या त्याच द्रावणाने ५–५ मिली घेऊन दोनदा खंगाळा, टोकातूनही सोडा. शंकुपात्राचं, म्हणजे चंबूचं, अगदी उलट: ते फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. ते आम्लाने खंगाळलं तर मोजलेल्या २५ मिलीत न मोजलेलं आम्ल मिसळतं. चंबू ओला असला तरी बिघडत नाही. पाण्याने मोल वाढत नाहीत की कमी होत नाहीत.

असाच उतरता क्रम आणखी एका कारणाने येतो: बाटलीत द्रावण पातळ केल्यावर नीट हलवलं नाही. घट्ट भाग तळाशी, पातळ वर. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क खुणेपर्यंत भरल्यावर बूच धरून किमान पंधरा-वीस वेळा उलटासुलटा करा.

पहिलंच रीडिंग जास्त आणि बाकी ठीक, तर तोटीखालचा बुडबुडा. तो मधेच निघाला की त्याची जागा द्रावण घेतं, चंबूत न पडता. सुरुवातीला तोटी पूर्ण उघडून झटक्यात सोडा. रीडिंग कमी येत असेल तर ब्युरेटवर फनेल तसंच राहिलंय का बघा. त्यातून टपकलेला एक थेंब पातळी वर ढकलतो. पिपेटच्या टोकात राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढू नका. "सोडण्यासाठी" अशी खूण असलेली पिपेट तो थेंब धरूनच मोजलेली असते. टोक भिंतीला टेकवून सोडा, बस. आणि पिपेट तोंडाने ओढायची नाही, फुगा वापरा.

तापमानाला उगीच दोष दिला जातो. द्रावण २० वरून ३० अंशांवर गेलं तरी आकारमान पाव टक्क्याने वाढतं, म्हणजे २५ मिलीत ०.०६ मिली. अर्ध्या मिलीचा फरक हवामानाच्या माथी मारता येत नाही.

सामूमापकाने पडताळताना

दर्शकावर विश्वास नसेल तर सामूमापक लावून आलेख काढा, पण आधी मापक तपासा. ७ आणि ४, किंवा आम्लारीकडे काम असेल तर ७ आणि १०, अशा दोन प्रमाण द्रावणांनी. २५ अंशांना एका सामू अंकामागे ५९.१६ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. हा उतार (अंकामागचे मिलिव्होल्ट) त्याच्या ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर इलेक्ट्रोड ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा तास ठेवून बघा. १० सामूचं प्रमाण द्रावण सगळ्यात आधी बिघडतं, कारण तेही कार्बन डायऑक्साइड ओढतं. वापरलेलं परत बाटलीत ओतू नका. इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवावा, ऊर्ध्वपातित पाण्यात नाही. पाण्यात ठेवला तर आतले क्षार बाहेर झिरपतात आणि आकडा स्थिरच होत नाही.

काम संपल्यावर ब्युरेटमधलं आम्लारी लगेच काढा, पाण्याने तीनदा धुवा, एकदा पातळ आम्ल फिरवा, पुन्हा पाणी. काचेची तोटी असेल तर ती काढून, पुसून, मध्ये कागदाची पट्टी घालून ठेवा आणि ब्युरेट उलटी टांगा.